स्कॅनमध्ये अमायलॉइड, पण डोकं ठिकाणावर

'डॉक्टर, माझं वय ७१. आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं आणि आजही घरचे सगळे व्यवहार मीच बघते. माझ्या आईला सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला. शेवटची तीन वर्षं तिनं मला ओळखलं नाही. त्यामुळे एका संशोधनासाठी निरोगी ज्येष्ठ माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मी आपणहून नाव दिलं. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मी अगदी व्यवस्थित निघाले. मग मेंदूचा पेट स्कॅन झाला. निकाल सांगायला बसलेली मुलगी गुणी होती, पण "अमायलॉइड वाढलेलं दिसतंय" या पहिल्या वाक्यानंतर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. हातातल्या कागदावर "४२ सेंटिलॉइड" लिहिलंय. म्हणजे माझा ४२ टक्के मेंदू गेला का? घरी आल्यापासून ह्यांनी माझी रोज परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे. आज वार कोणता, काल कोणाचा फोन आला होता, गेल्या महिन्यात आपण कुठं गेलो होतो. परवा शेजारच्या सुनेचं नाव मला पटकन आठवलं नाही, तर आम्ही दोघंही एकदम गप्प झालो. मला अल्झायमर झालाय का? नवीन औषधं निघालीत म्हणतात, ती घेऊ का? मुलांना सांगू का? आणि हे कळलं ते बरं झालं, की मी विकतचं दुखणं घेतलं?'

(नाव छापू नये ही विनंती.)

ताई,

आधी ती परीक्षा बंद करा. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आजपासून.

ह्यांच्या पोटात काळजीच आहे, ते मला कळतं. पण रोज सकाळी उलटतपासणी झाली तर धडधाकट माणसाचीही बोबडी वळेल. हे मी नुसतं मायेपोटी म्हणत नाही. अल्झायमरचा धोका वाढवणारं एक जनुक आहे, एपीओई-४ नावाचं. ते अंगात असलेल्या, पण स्मृती शाबूत असलेल्या ज्येष्ठांचा एक अमेरिकन अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना आपल्यात ते जनुक आहे हे सांगितलेलं होतं, काहींना नव्हतं. जनुक तेच, वयंही सारखीच. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी आपल्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले, आणि ऐकलेलं आठवून सांगण्याच्या चाचणीतही ते न जाणणाऱ्यांपेक्षा मागे पडले. तुमचा निकाल जनुकाचा नाही, स्कॅनचा आहे. पण भीतीला दोन्ही सारखेच. तुम्हाला सुनेचं नाव आठवेना, त्यात अमायलॉइडचा हात किती आणि समोर वही घेऊन बसलेल्या परीक्षकाचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. नंतर ते नाव आठवलं ना? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की आठवलं असणार.

आता त्या ४२ आकड्याकडे येऊ. हा गैरसमज आधी खोडते, कारण तो तुमच्या एकटीचा नाही. सेंटिलॉइड म्हणजे टक्के नव्हेत. वेगवेगळ्या ठिकाणच्या स्कॅनची तुलना करता यावी म्हणून २०१५ साली संशोधकांनी ही एक मोजपट्टी ठरवली. तरुण, निरोगी माणसांच्या मेंदूत सरासरी जेवढं दिसतं त्याला शून्य म्हणायचं आणि सौम्य अल्झायमर झालेल्या रुग्णांत सरासरी जेवढं दिसतं त्याला १००. तुम्ही त्या दोन खुंट्यांच्या मध्ये, अलीकडच्या खुंटीला थोड्या जवळ आहात. साधारण २० ते २५च्या पुढं गेलं की 'वाढलेलं' असा शिक्का बसतो. मेंदूचा किती भाग 'गेला' याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही.

आणि हे अमायलॉइड म्हणजे तरी काय? आपल्या चेतापेशींच्या आवरणात एक लांबलचक प्रथिन रोवलेलं असतं. दोन विकरं (एन्झाइम्स) कात्रीसारखी चालून त्याचे तुकडे पाडतात. हे प्रत्येकाच्या डोक्यात जन्मभर चालतं, त्यात रोग काही नाही. बहुतेक तुकडे वाहून जातात. त्यांतला एक जरा लांबडा तुकडा मात्र चिकट असतो. वय वाढतं, सफाई मंदावते, आणि ते चिकट तुकडे एकमेकांना धरून पेशींच्या मधल्या जागेत गाळासारखे बसू लागतात. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत महिलेच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तो हाच गाळ, आणि त्यासोबत पेशींच्या आत पडलेला गुंता. त्या गुंत्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हा गाळ जिवंत माणसात बघायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला चिकटणारं आणि स्कॅनमध्ये उजळून दिसणारं द्रव्य तयार केलं. त्याचा माणसांवरचा पहिला अभ्यास २००४ साली छापून आला. तुमचा स्कॅन त्याच घराण्यातला. डॉक्टरांची अपेक्षा होती की रुग्णांच्या मेंदूत दिवाळी दिसेल आणि निरोगी माणसांच्या मेंदूत अंधार. रुग्णांचं बहुतांशी तसं झालंही. पण जसजसे निरोगी म्हातारे यंत्राखाली जाऊ लागले, तसतशी त्यांच्यातल्याही कितीतरी जणांच्या डोक्यात रोषणाई निघाली.

किती जणांच्या? जगभरातल्या अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१५ साली जो अंदाज आला, त्यानुसार चाचण्यांत अगदी व्यवस्थित असलेल्या माणसांपैकी पन्नाशीत शंभरातल्या १० जणांत आणि नव्वदीत ४४ जणांत अमायलॉइड साचलेलं असतं. तुमच्या वयाला यांच्या मधला आकडा. आणखी एक हिशेब तुमच्यासारख्याच लोकांचा आहे. ए-फोर नावाच्या मोठ्या औषधचाचणीसाठी ६५ ते ८५ वयाच्या, स्मृती शाबूत असलेल्या ४,४८६ स्वयंसेवकांचे स्कॅन काढले, त्यांत १,३२३ जणांचं अमायलॉइड वाढलेलं निघालं. म्हणजे दहातल्या साधारण तिघांचं. ही सगळी माणसं आपल्या पायांनी चालत आली होती, स्वतःचे अर्ज स्वतः भरले होते.

'मला अल्झायमर झालाय का?' या प्रश्नाला मी सरळ उत्तर देणार आहे, पण आधी हे सांगायला हवं की यावर डॉक्टरांच्यातच जुंपलेली आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशननं नेमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं की रोग म्हणजे मेंदूतला बदल. अमायलॉइड असलं की रोग सुरू झाला, लक्षणं येवोत न येवोत. त्याच वर्षी दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटानं उलट बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं, की लक्षण नसलेल्या माणसाला रोगी म्हणू नका, 'धोका असलेली व्यक्ती' म्हणा, कारण यांतल्या पुष्कळांना लक्षणं कधी येणारच नाहीत. प्रयोगशाळेत बसून औषध शोधणाऱ्याला पहिली व्याख्या सोयीची आहे, ते मला मान्य. पण घरी बसून जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला दुसरीच लागू पडते. तेव्हा माझं उत्तर: नाही, तुम्हाला अल्झायमरचा स्मृतिभ्रंश झालेला नाही. तुम्हाला तो होण्याचा धोका, स्कॅन कोरा असलेल्या तुमच्याच वयाच्या बाईपेक्षा जास्त आहे.

हा धोका किती, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. हिशेबाच्या बाईला आकडेच देते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीला स्मृती चांगली असलेल्या ४४५ जणांचा मागोवा घेतला होता. त्यांतल्या २०२ जणांचं अमायलॉइड वाढलेलं होतं. चार वर्षांनी या गटातल्या शंभरातल्या साधारण ३२ जणांत सौम्य लक्षणं दिसू लागली होती. अमायलॉइड नसलेल्यांत हा आकडा १५. म्हणजे दुपटीला टेकलेला धोका. हे ऐकून धस्स होईल, म्हणून त्याच अभ्यासातली दुसरी रक्कम लगेच मांडते. स्मृतीची जी तीस गुणांची नेहमीची चाचणी असते, तिच्यात चार वर्षांनंतर दोन गटांच्या सरासरीत फरक पडला होता तो सुमारे अर्ध्या गुणाचा. तीसपैकी अर्धा! 'सौम्य लक्षणं' म्हणजे माणसं ओळखेनाशी होणं नव्हे, हेही ध्यानात घ्या. आणि ज्यांच्या डोक्यात हा गाळ नव्हता, त्यांतलेही १५ जण घसरलेच. तेव्हा विसरण्याची सगळी बिलं अमायलॉइडच्या नावावर फाडता येत नाहीत.

आयुष्यभराचा धोका काढणारं एक गणितही आहे. फक्त अमायलॉइड वाढलेलं आहे, मेंदूची झीज दिसत नाही आणि स्मृती ठीक आहे, अशा ६५ वर्षांच्या बाईला पुढच्या सगळ्या आयुष्यात अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता शंभरात २९. हीच बाई ९० वर्षांची असेल तर शंभरात ८. वय वाढल्यावर धोका कमी कसा? कारण हा गाळ गोगलगायीच्या चालीनं चालतो. साचायला लागल्यापासून स्मृतिभ्रंशापर्यंतचा प्रवास दोन दशकांच्या घरातला असतो, आणि माणसाला तेवढा वेळ मिळतोच असं नाही. हे जरा कठोर सांत्वन झालं, पण खरं आहे. तुमचं वय ६५च्या बाजूला आहे, तेव्हा त्या २९चाच विचार करा. अर्थात २९ पूर्ण होण्यासाठी लागणारी वर्षं तुम्ही अजून जगायची आहेत, आणि उरलेल्या ७१ जणींनाही विसरू नका.

आता तो गुंता. पेशींच्या आत टाऊ नावाचं प्रथिन असतं, धाग्यांना आधार देणारं. ते बिघडलं की पेशीत गुंतवळ होते. अमायलॉइड मेंदूभर पसरलेलं असूनही माणूस खणखणीत असू शकतो, पण टाऊचा गुंता स्मृतीच्या केंद्रातून बाहेर पडून मेंदूच्या इतर भागांत पसरू लागला की लक्षणं त्याच्या पावलावर पाऊल ठेवून येतात. अमायलॉइड बहुधा वाट मोकळी करून देतं, मोडतोड टाऊ करतं. तुमच्या संशोधनात टाऊचाही स्कॅन असेल तर त्याचा निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटेल. विचारून ठेवा, आणि तो ऐकायचा की नाही हे मात्र आधी ठरवा.

जुन्या काळातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. रॉबर्ट कॅट्झमन यांच्या गटानं १९८८ साली वृद्धांच्या शुश्रूषागृहात वारलेल्या १३७ जणांचे मेंदू तपासले. त्यांत दहा जण असे निघाले की मेंदूत अल्झायमरचे बदल भरपूर, पण जिवंतपणी बुद्धी तल्लख. त्यांचे मेंदू वजनाला जास्त भरले आणि मोठ्या चेतापेशीही त्यांच्यात जास्त होत्या. जणू गंगाजळी मोठी होती, म्हणून तोटा सोसला. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या ६७८ ख्रिस्ती जोगिणींची. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या त्या अभ्यासात सिस्टर मेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एक बाई होत्या. १०१व्या वर्षी गेल्या, तोवर चाचण्यांत उत्तम गुण. मेंदू उघडून पाहिला तर गाळ आणि गुंता भरपूर.

पण त्याच अभ्यासातला एक निष्कर्ष सिस्टर मेरींइतका गाजला नाही. माझ्या मते तुमच्या कामाचा तोच. ज्या जोगिणींच्या मेंदूत अल्झायमरचे बदल होते, त्यांच्यातही मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून छोटे छोटे झटके येऊन गेलेल्यांना स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त प्रमाणात झाला होता. गाळ दोघींकडे, पण जिच्या रक्तवाहिन्या धड राहिल्या ती तरली. अमायलॉइड कमी करणं आज तुमच्या हातात नाही. रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी आहेत. तुम्ही इतकं लांबलचक पत्र लिहिलंत, ४२ सेंटिलॉइड अगदी आकड्यासकट सांगितलंत, पण तुमचा रक्तदाब किती आहे ते एका शब्दानं लिहिलं नाहीत. मला तो आकडा हवा आहे.

अमेरिकेत ९,३६१ रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत वरचा दाब १४०च्या खाली ठेवण्याऐवजी १२०च्या खाली आणला, तेव्हा स्मृतीच्या सौम्य तक्रारींचं निदान १९ टक्क्यांनी कमी झालं. पुरत्या स्मृतिभ्रंशावर मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही, तेही सांगायला हवं. म्हणून लगेच गोळ्या वाढवू नका. तुमच्या वयात दाब फार खाली आला तर उठताना चक्कर येऊन पडायला होतं, आणि मोडलेलं हाड अमायलॉइडपेक्षा लवकर अंथरुणाला खिळवतं. डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. साखर आणि कोलेस्टेरॉलचंही तेच.

कानांचं बोलू. पहिल्या वाक्यानंतर ऐकू आलं नाही हे धक्क्यामुळे, ते मी समजले. पण गर्दीत बोलणं कळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, असं होत असेल तर कान तपासून घ्या. ७० ते ८४ वयाच्या, कमी ऐकू येणाऱ्या ९७७ जणांना घेऊन तीन वर्षांची चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ साली आला. सगळे मिळून पाहिलं तर श्रवणयंत्रानं फरक पडला नाही. पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानं कमी झाली. शिवाय माणसाला ऐकू येत नसलं की घरचे समजतात तो विसरतो. जे ऐकलंच नाही ते आठवणार कुठून?

चालणं, झोप, माणसांत मिसळणं, डोक्याला काम, हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल, म्हणून लांबण लावत नाही. एवढंच सांगते की फिनलंडमध्ये १,२६० जणांवर दोन वर्षं हे सगळं एकत्र करून पाहिलं, आणि करणाऱ्यांच्या गुणांत नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा थोडी जास्त वाढ दिसली. थोडी. यानं गाळ धुऊन निघत नाही. शब्दकोडी आवडत असतील तर सोडवा, नसतील तर औषध म्हणून कुटू नका. आणि 'स्मृतिवर्धक' लिहिलेल्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, कितीही ओळखीच्या माणसानं आणून दिल्या तरी.

औषधांबद्दल. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. गाळ उपसणारी दोन औषधं, लेकानेमॅब आणि डोनानेमॅब, अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ साली रीतसर मंजूर झाली. पण ती लक्षणं सुरू झालेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहेत. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. १८ महिन्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक १८ गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणाहूनही कमी होता. दोन्ही गट घसरले, औषध घेणारे जरा हळू. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, पुन्हा पुन्हा एमआरआय, आणि आठांतल्या एकाच्या मेंदूला सूज. ती बहुतेकांना जाणवत नाही, पण काहींना महागात पडते. ज्याचं घर पेटलंय त्यानं हा सौदा करावा की नाही, यावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते. तुमचं घर पेटलेलं नाही.

'मग आगीच्या आधीच का नको?' असं तुम्ही विचाराल. नेमकं हेच करून पाहिलंय. वर सांगितलेली ए-फोर चाचणी तीच होती. अमायलॉइड वाढलेल्या, पण लक्षणं नसलेल्या १,१६९ जणांपैकी निम्म्यांना सोलानेझुमॅब नावाचं औषध साडेचार वर्षांच्या आसपास दिलं. २०२३ साली निकाल लागला: काही उपयोग नाही, घसरण दोन्हीकडे सारखीच. ते औषध सुट्या तुकड्यांना धरणारं होतं, बसलेला गाळ काढणारं नव्हतं, आणि गाळ काढणारी नवी औषधं निरोगी लोकांना देऊन बघण्याच्या चाचण्या हा निकाल लागण्याआधीच सुरू झाल्या होत्या. तुमच्या संशोधकांनी अशा चाचणीत येता का विचारलं तर तो वेगळा विचार. तिथं देखरेख असते, आणि थांबायचं स्वातंत्र्यही. चाचणीबाहेर मात्र आज कोणी हे औषध द्यायला तयार झालं, तर त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका.

मुलांना सांगावं का? सांगा, पण आत्ताच्या आत्ता नाही. तुमचीच धडधड थांबलेली नसताना सांगितलंत तर त्यांच्या हाती बातमी कमी आणि भीती जास्त पडेल. शिवाय घरात एकाच्या जागी तीन परीक्षक होतील. महिनाभर जाऊ द्या. मग समोर बसवून सांगा, फोनवर नको. त्यांच्या मनात पहिला प्रश्न येईल, 'मग आम्हाला?' त्याचं उत्तर तयार ठेवा. एका जनुकातल्या बिघाडानं थेट मुलाकडे जाणारा अल्झायमर असतो, पण तो विरळा, आणि सहसा तिशी ते पन्नाशीतच गाठतो. तुमच्या आईला सत्तरीनंतर झाला, म्हणजे ती जात ही नव्हे. मुलांचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असेल, पण आज त्यांनी स्कॅनला किंवा रक्ताच्या तपासणीला धावायचं कारण नाही. २०२५ साली अमेरिकेत मंजूर झालेली अमायलॉइडची पहिली रक्ततपासणीही लक्षणं असलेल्या लोकांसाठीच आहे. आणि हो, हा निकाल तुमच्या वैद्यकीय कागदांत कुठं नोंदला जातो, तो आणखी कोणाला दिसतो, हे संशोधकांकडून लेखी घ्या. विम्याचा अर्ज भरताना हा प्रश्न अचानक उभा राहायला नको.

विकतचं दुखणं घेतलंत का? खरं बोलू? तुम्ही स्कॅनच्या आधी मला विचारलं असतंत, तर संशोधनासाठी जा म्हटलं असतं, पण निकाल ऐकायचा की नाही हे सवडीनं ठरवा, असंही म्हटलं असतं. आपल्याआपण, नुसत्या कुतूहलानं, लक्षणं नसताना हा स्कॅन करून घ्या असं मी कोणाला सांगत नाही. पण एकदा कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. दिलासा इतकाच की ज्यांना नीट समजावून असे निकाल दिले, त्यांच्यावर झालेल्या अभ्यासांत बहुतेकजण खचून गेले नाहीत. पहिले काही आठवडे जड गेले, मग माणसं आपापल्या कामाला लागली. कोणी फिरायला जाऊ लागलं, कोणी राहिलेले कागदपत्र उरकले. कागदपत्रांचं तुम्हाला काय सांगायचं, तुमचे तर तयारच असतील.

लक्ष कशावर ठेवायचं, तेही तुमच्याच धंद्यातलं आहे. नाव आत्ता आठवलं नाही आणि संध्याकाळी आठवलं, चष्मा सापडेना, खोलीत येऊन कशासाठी आलो ते विसरलो, या यादीत मीही आहे. पण अंगवळणी पडलेल्या कामात चुका होऊ लागल्या तर ती गोष्ट वेगळी. पैशांचे व्यवहार सांभाळणं हे या आजारात लवकर डळमळणाऱ्या कामांपैकी एक. तुमच्या हाताखाली तर वर्षानुवर्षांच्या वह्या आहेत. वर्षातून एकदा, एखाद्या निवांत दिवशी, या वर्षीची वही आणि पाच वर्षांपूर्वीची वही शेजारी ठेवून बघा. खाडाखोड, दोनदा भरलेली बिलं, न जुळणाऱ्या बेरजा वाढल्या आहेत का? तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, रोजच्या वाटेवर चुकल्यासारखं होणं, किंवा जवळच्या माणसांना सहा महिन्यांत स्पष्ट फरक जाणवणं, यांपैकी काही झालं तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. तेव्हाही आधी थायरॉइड, बी-१२, झोपेच्या गोळ्या, उदासी हे तपासायला सांगा, कारण ही कारणं सापडली तर बरी करता येतात.

आता ह्यांच्याबद्दल. सासूबाईंची ती शेवटची तीन वर्षं त्यांनीही पाहिली आहेत, हे विसरू नका. वार विचारतात तेव्हा ते तुम्हाला तपासत नाहीत, स्वतःला धीर देत असतात. तो धीर त्यांना दुसरीकडून मिळू द्या. रक्तदाबाचं यंत्र त्यांच्या ताब्यात द्या, आठवड्यातून दोनदा दोघांचा दाब मोजून लिहायचं काम त्यांचं. संध्याकाळचं चालणंही दोघांनी मिळून. स्मृतीची चाचणी वर्षातून एकदा, संशोधनाच्या ठिकाणी, ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडून. घरी नाही.

आणि पुढच्या वेळी संशोधकांनी बोलावलं की जा, पण एकट्या जाऊ नका. टाऊचा स्कॅन आहे का, निकाल कोण बघतं, आकडा वाढला तर तुम्ही नेमकं काय करणार, हे प्रश्न कागदावर लिहून ह्यांच्या हातात द्या. ती गुणी मुलगी पहिलं वाक्य बोलेल, त्यापुढचं ऐकायला शेजारी आणखी दोन कान हवेत.